किराणा दुकान, सुपर बाजार आणि दुसरी शाखा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीचशी पत्रं दुकान वाढवू पाहणाऱ्या घरांतून आली आहेत. कोणाला काउंटर काढून मोकळी मांडणी करायची आहे, कोणी शेजारच्या तालुक्याला दुसरं दुकान टाकतंय. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या काळापासूनचं आमचं किराणा दुकान आहे. मुलगा म्हणतो, काउंटर काढा, गिऱ्हाइकाला आत येऊन हातानं माल घेऊ द्या. ही पद्धत आली कुठून, आणि तालुक्याच्या गावात ती चालते का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. सप्टेंबर 1916 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. त्याआधी तिथंही आपल्यासारखंच होतं: गिऱ्हाइकानं यादी सांगायची, नोकरानं फळीवरून माल काढून द्यायचा. साँडर्स यांनी आत जायला एक फाटक, बाहेर पडायला दुसरं, मधे सगळ्या मालासमोरून नेणारी वाट, प्रत्येक वस्तूवर किंमत आणि शेवटी हिशेबाचं टेबल अशी रचना केली. 1917 मध्ये त्यांना तिचं पेटंटही मिळालं. 1930 मध्ये मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मोठी जागा, कमी नफा आणि जास्त उलाढाल हे गणित बसवलं. ढकलगाडी आणखी सात वर्षांनी, 1937 मध्ये, ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांच्या दुकानात आली. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात, म्हणून गोल्डमन यांनी पगारी माणसं ठेवून त्यांना गिऱ्हाइकासारख्या गाड्या ढकलत दुकानात फिरवलं.

आपल्याकडे हा मार्ग आधी सहकारानं दाखवला. अपना बाजारचं मूळ 1948 मधल्या मुंबईच्या नायगावातल्या ग्राहक सहकारी संस्थेत आहे. दिल्लीचा सुपर बाजार 1966 चा. एका घराच्या मालकीची साखळी म्हणाल तर दक्षिणेतली ‘निलगिरीज’. 1905 मध्ये निलगिरी डोंगरात लोण्याच्या धंद्यातून ती सुरू झाली, 1936 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर आली आणि पुढं दक्षिणेत पसरली.

आता दारव्ह्याचं. गोल्डमन यांची अडचण तुम्हालाही येणार, ती म्हणजे संकोच. शेतातून थेट आलेली बाई धुळीच्या पायांनी काचेच्या दारातून आत शिरत नाही, ती बाहेरूनच “साखर देता का?” विचारते किंवा पुढच्या दुकानात जाते. म्हणून निदान पहिलं वर्ष काचेचं दार लावू नका. चपला बाहेर काढायला लावू नका. भाव मराठीत, मोठ्या आकड्यांत, दहा फुटांवरून वाचता येतील असे लावा. टोपली हातात देणारा माणूस दारातच उभा करा. आपल्या गावात गोल्डमन यांच्या पगारी माणसांचं काम तोच करेल.

काउंटर मात्र पूर्ण काढू नका. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचा माणूस चिठ्ठी देऊन बियाणं-खताच्या कामाला जातो आणि एसटीच्या वेळेला भरलेली थैली उचलतो. त्याला मांडणीत फिरायला वेळ नाही. चार फुटांचं चिठ्ठी-काउंटर ठेवा आणि त्याचं बिलही त्याच संगणकावर करा. दोन वेगळी बिलबुकं ठेवली की महिन्याभरात साठा जुळायचा थांबतो.

प्रश्न : जागा 20 फूट रुंद, 45 फूट खोल आहे. रॅक कसे लावावेत? काय कुठं ठेवावं? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : आधी मागचे 8 फूट गोदामाला आणि पुढचे 6 फूट बिलिंग व पिशव्यांच्या टोकनला काढा. उरलेल्या 31 फुटांत मांडणी. रुंदीचा हिशेब असा: दोन्ही भिंतींचे रॅक सव्वा-सव्वा फूट, म्हणजे अडीच, मधे दुतर्फा रॅकच्या दोन ओळी, 3-3 फुटांच्या, म्हणजे सहा, उरले साडेअकरा, त्यात पावणेचार फुटांच्या तीन वाटा बसतात. रॅकवाला तिसरी ओळ बसवून देतो म्हणेल. ऐकू नका. मग वाट जेमतेम दोन फुटांवर येते, टोपली घेतलेल्या दोन बाया एकमेकींना ओलांडू शकत नाहीत आणि महालक्ष्म्यांच्या आधीच्या गर्दीत लोक दारातूनच परततात.

मधल्या रॅकची उंची साडेचार फुटांवर जाऊ देऊ नका. बिलिंगच्या खुर्चीवरून शेवटची भिंत दिसली पाहिजे. भिंतीचे रॅक सात फुटी चालतात, पण सर्वांत वरच्या फळीवर राखीव साठाच. तेलाचे डबे, दहा किलोचा आटा, मिठाचे बंडल खाली. साखर, डाळ, तेल, म्हणजे ज्यासाठी माणूस दुकानात येतोच तो माल, खोल भिंतीला ठेवा. बिस्किटं, साबण, स्टीलची-प्लास्टिकची भांडी त्या वाटेवर. काजू, वेलची, हिंग, ब्लेड, चेहऱ्याची क्रीम, बाळाच्या दुधाचे डबे हा आकारानं लहान आणि मोलानं मोठा माल बिलिंगच्या पाठीमागे. चोरी होते ती यांचीच.

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर तापते. तिला साबण-डिटर्जंट लावा. चॉकलेट, तूप, डालडा, पापड तिथं नको. डिटर्जंट आणि चहा-बेसन शेजारी ठेवले तर आठवड्यात चहाला साबणाचा वास लागतो, आणि अशी तक्रार करणारा माणूस सांगायला येत नाही, तो दुकान बदलतो.

प्रश्न : नागपूरच्या इतवारीतून (ठोक बाजारातून) डाळ-तांदळाचे कट्टे आणून स्वतःच्या नावानं पाकिटं भरायची आहेत. काय काय लागतं? मागं पावसाळ्यात रव्याच्या पाकिटांत किडे निघाले होते. (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : कर आणि लेबल आधी समजून घ्या, कारण घाई तिथंच नडते. गिऱ्हाइकासमोर कट्ट्यातून मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर जीएसटी नाही. तीच डाळ आधीच पाकिटात भरून लेबल लावून ठेवली, तर 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के लागतो. भाव काढताना हा फरक सोडला की नफा तिथंच जातो.

स्वतः पाकीट भरणाऱ्यानं वैधमापन शास्त्र विभागाकडे आवेष्टक म्हणून नोंदणी करायची असते. काम सुरू केल्यापासून 90 दिवसांत अर्ज. पाकिटावर हवं ते असं: मालाचं नाव, निव्वळ वजन, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, एककाचा भाव, अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक, लॉट क्रमांक, किती दिवसांत वापरावं ते आणि शाकाहाराची हिरवी खूण. एककाचा भाव म्हणजे 500 ग्रॅम डाळ 70 रुपयांना असेल तर ‘प्रति ग्रॅम 0.14 रुपये’. एक किलोच्या पाकिटाला तो वेगळा लिहावा लागत नाही, कारण किंमत तीच असते. अन्न परवान्याचा क्रमांक बिलावरही लागतो, 1 जानेवारी 2022 पासून. काटा दर वर्षी तपासून मुद्रांकित करून घ्या आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावा.

आता भरण्याचं काम. कट्टा उघडण्याआधी तोला, रिकामं पोतं पुन्हा तोला, निव्वळ वजन वहीत टाका. चाळणी-निवडणीनंतर खडे, चुरा, सांडलवंड किती गेली ते त्याच ओळीत. 50 किलोतून 50 पाकिटं धरून भाव काढला तर दर कट्ट्याला निदान एका पाकिटाचं नुकसान ठरलेलं. पन्नीचं वजन तोलात धरायचं नाही. काट्यावर आधी रिकामी पन्नी ठेवून शून्य करा. सीलची जागा कोरडी फडक्यानं पुसा. बेसन आणि मैद्याचं पाकीट सुटतं ते जवळजवळ नेहमी सीलमध्ये पीठ अडकल्यामुळं. मशीन बिघडलंय म्हणून तापमान वाढवलं की पन्नीच जळते.

बारकोडचं. भारतीय कंपन्यांच्या मालावर 890 नं सुरू होणारा तेरा आकडी कोड असतो. 2 नं सुरू होणारे आकडे दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत, ते तुम्ही स्वतः वापरू शकता. वजनाच्या लेबलवर साधारणपणे असं असतं: सुरुवातीचे दोन आकडे 21, पुढचे पाच मालाचे (00047), त्यापुढचे पाच वजनाचे (00985, म्हणजे 985 ग्रॅम) आणि शेवटचा पडताळणीचा. गडबड होते ती काटा आणि बिलिंगचा संगणक दशांश वेगवेगळ्या जागी वाचतात तेव्हा: 985 ग्रॅम गुळाचं बिल साडेअठ्ठ्याण्णव किलोचं निघतं किंवा शंभर ग्रॅमचंही नाही. जास्तीचं बिल गिऱ्हाईक लगेच दाखवतं, कमीचं कोणी दाखवत नाही. नवा काटा जोडला की दहा वेगवेगळ्या वजनांची लेबलं काढून प्रत्येक स्वतः स्कॅन करून पाहा.

किड्यांचं कारण पावसाळ्यातच शोधायला नको. अंडी बहुतेकदा मालातच येतात; दमट उबेत ती फुटतात आणि बंद पाकिटात पिढ्या वाढतात. रवा, मैदा, बेसन जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरा दिवसांच्या विक्रीपुरतंच भरा. डीप फ्रीजरमध्ये जागा असेल तर भरलेली पाकिटं उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवून, बाहेर काढून पूर्ण कोमट झाल्यावरच मांडा; थंडगार पाकीट मांडलं की बाहेरून पाणी सुटतं आणि लेबल निघतं. कट्टे जमिनीपासून निदान सहा इंच वर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर. जुना लॉट पुढं, नवा मागं. यात तारीख बघा, आलेला दिवस नव्हे, कारण ठोक व्यापारी कधी नव्या गाडीतही जुनी तारीख देतो.

आणि हे कळकळीनं सांगतो: धान्यात टाकायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, दुकानात किंवा राहत्या घराला लागून असलेल्या गोदामात कधीही वापरू नका. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि झोपेतली माणसं जातात. ते काम फक्त मान्यताप्राप्त धुरीकरण करणाऱ्यांचं.

प्रश्न : छापील किमतीपेक्षा कमी भावात विकलं तर कंपनी काही करू शकते का? आणि थंड बाटलीवर दोन रुपये जास्त घेतात ते बरोबर आहे का? (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : छापील किंमत ही कमाल आहे, कमीनं विकायला कायद्याची आडकाठी नाही. थंड करण्याचे म्हणून एक रुपयाही जास्त घेणं गुन्हा आहे.

प्रश्न : आमचं गिऱ्हाईक संत्र्याचं आणि कपाशीचं. पीक आलं की पैसे. मोकळी मांडणी केली तर उधारी बंद करावी लागेल, आणि बंद केली तर गिऱ्हाईक जाईल. (मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : आधी उधारीची खरी किंमत काढा. समजा 5,000 रुपयांचा माल दिला, त्याची खरेदी 4,600 ची. नफा 400. पैसे पाच महिन्यांनी आले आणि तुमच्या भांडवलाला दरमहा दीड टक्का पडतो. 4,600 वर पाच महिन्यांचे झाले 345. राहिले 55 रुपये, त्यातूनच हमाली, वीज, नोकर. साखर-तेलावर नफा याहून कमी, म्हणजे ती उधारी खिशातून.

म्हणून सरसकट बंद करण्यापेक्षा ती बांधा. प्रत्येक खात्याला रकमेची मर्यादा आणि पिकाची तारीख. सोयाबीनवाल्याचं खातं दिवाळीला, कपाशीवाल्याचं दोन हप्त्यांत, पहिल्या वेच्याच्या चुकाऱ्यावर आणि फेब्रुवारीत. आंबिया बहाराचा बागायतदार ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मोकळा होतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. दोघांना एकच तारीख लावली तर एक जण नक्की चुकतो आणि मग तोंड चुकवतो. तेल आणि साखर रोखीनंच, बाकी किराणा खात्यावर, हा नियम दारात लिहून लावला की बोलाचाली कमी होतात. रोखीवाल्याला बिलावर सूट द्या, उधारीवाल्याला भाव वाढवून लावू नका. मांडणीवर एकच किंमत दिसते, दुसरी सांगितली की विश्वास जातो.

दिवाळीला बाकीच्या आकड्याखाली गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्या. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत करायचा असतो; मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्यानं सुरू होते. आणि खात्यावर रोख रक्कम व्याजानं देऊ नका. ती सावकारी होते. राज्याच्या 2014 च्या कायद्यानं परवाना लागतो.

प्रश्न : आम्ही तिघं भाऊ. एक दुकान चांगलं चालतं, आता 22 किलोमीटरवरच्या गावात दुसरं घेतोय, पुढं तिसरंही मनात आहे. कागदपत्रं आणि हिशेब कसे ठेवावेत? बहिणींचा प्रश्न येतो का? (चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : पहिलं दुकान मालकाच्या नजरेवर चालतं. दुसऱ्या दुकानात ती नजर नसते, तिथं फक्त नोंद असते. साखळ्या वाढताना मोडतात त्या बहुतेक इथंच.

दोन उदाहरणं. चेन्नईत 1997 मध्ये सुरू झालेली ‘सुभिक्षा’ दहा-अकरा वर्षांत सोळाशेच्या आसपास दुकानांवर गेली आणि 2009 मध्ये बंद पडली. उधारीवर वाढलेल्या साखळीतली रोकड आटली, पुरवठादार आणि पगार थकले, फळ्या रिकाम्या झाल्या. दुसरं घरातल्या फाटाफुटीचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ग्रीसहून आलेल्या डेमूलस कुटुंबानं 1917 मध्ये लॉवेल गावात किराणा दुकान काढलं. पुढं दोन भावांनी त्याची ‘मार्केट बास्केट’ साखळी केली. 1971 मध्ये एक भाऊ वारला. 1990 मध्ये त्याच्या घरच्यांनी दावा लावला की काकानं आमचे शेअर स्वतःच्या घराकडे वळवले, आणि न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भांडण पुढच्या पिढीत गेलं. 2014 च्या उन्हाळ्यात एका चुलतभावानं दुसऱ्याला काढलं, कामगार आणि गिऱ्हाइकं रस्त्यावर आली, दुकानं ओस पडली, शेवटी ज्याला काढलं होतं त्या भावानंच दुसऱ्या बाजूचा हिस्सा दीड अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतला. दोन भावांत विश्वास होता तोवर कोणाचं किती हे तपासावं असं कोणाला वाटलं नाही, आणि तपासायची वेळ आली तेव्हा सांगणारा एक जण हयात नव्हता.

तुमच्यासाठी पहिलं काम भागीदारीपत्र. 1932 च्या कायद्यात वेगळं ठरवलं नसेल तर तिघांचा नफा सारखा, कामाचा पगार कोणालाच नाही आणि एक भागीदार वारला की भागीदारीच संपते. म्हणून पत्रात लिहा: कोणाचं भांडवल किती, दुकानात बसणाऱ्याला दरमहा काय, एक गेला तर धंदा चालू राहील का आणि त्याच्या वारसांना हिस्सा कोणत्या हिशेबानं, किती हप्त्यांत. नोंदणी करून घ्या; नोंदणी नसलेल्या भागीदारीला थकलेल्या पैशासाठी दावा लावणं कठीण जातं.

बहिणींचा प्रश्न येतोच. जागा किंवा धंदा वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचा असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. दुसऱ्या दुकानासाठी घरची जागा तारण ठेवण्याआधी त्यांच्याशी बसून बोला आणि ठरेल ते नोंदणीकृत कागदावर आणा. “ताईचं काही म्हणणं नाही” यावर बँक चालत नाही, आणि चालूही नये.

जीएसटीत नवी जागा ‘अतिरिक्त व्यवसाय स्थळ’ म्हणून 15 दिवसांत जोडा. एकाच नोंदणीखाली राज्यातल्या राज्यात दुकानातून दुकानात गेलेल्या मालावर कर नाही, पण चलन, म्हणजे मालासोबतचा पाठवणीचा कागद, हवंच. तुम्ही आपसमेळ (कंपोझिशन) योजनेत, म्हणजे गिऱ्हाइकाकडून वेगळा कर न घेता उलाढालीवर ठरावीक टक्के भरायच्या योजनेत, असाल तर दीड कोटींची मर्यादा दोन्ही दुकानांची मिळून मोजतात. दुसरं दुकान उघडल्यावर दिवाळीच्या सुमारास मर्यादा ओलांडली हे मार्चमध्ये कळतं, आणि मधल्या महिन्यांचा गिऱ्हाइकाकडून न घेतलेला कर घरातून भरावा लागतो.

रोजचे नियम थोडे, पण न मोडणारे. प्रत्येक दुकानाचा गल्ला वेगळा, बँक भरणा वेगळा. स्वतःची जागा असली तरी तिचं भाडं हिशेबात धरा, नाहीतर भाड्याच्या जागेतलं दुकान उगीच कमी कमावतं दिसतं. माल इकडून तिकडं गेला की दुहेरी चलन, छापील क्रमांकाचं. एक प्रत मालासोबत, पोचल्यावर मोजून सही. घराला लागणारा किराणाही बिलानं, घराच्या खात्यावर. मोठ्या भावानं जाता जाता गाडीत टाकलेले साखरेचे दोन कट्टे चलनावर आले नाहीत, तर महिनाअखेरीला संशय येतो तो दुसऱ्या दुकानातल्या पोरावर.

आणि दर महिन्याला दुकाननिहाय हा एक हिशेब करा. उदाहरणादाखल: सुरुवातीचा साठा 8,00,000, खरेदी 10,20,000, दुसऱ्या दुकानातून आलेला माल 80,000, बेरजेतून अखेरचा साठा 8,60,000 वजा केला की विकलेल्या मालाची खरेदी किंमत 10,40,000. विक्री 11,50,000. ढोबळ नफा 1,10,000, म्हणजे साडेनऊ टक्के. पुढच्या महिन्यात तेवढ्याच विक्रीवर तो सात टक्क्यांवर आला, तर अठ्ठावीस-एकोणतीस हजारांचा माल कुठंतरी गेला. लगेच चोर शोधू नका. आधी पाहा: एखादं खरेदी बिल दोनदा चढलं का, बंपर ऑफरचा फुकट माल नोंदवला का, चलनाशिवाय काही गेलं का, एकाच साबणाचे संगणकात दोन कोड आहेत का, 22 सप्टेंबर 2025 ला अंघोळीचा साबण-टूथपेस्ट-बिस्किटांचा कर 18 वरून 5 झाला तेव्हा जुन्या मालाचे दर संगणकात बदलले का. डिटर्जंट 18 वरच राहिलं आहे, तिथं घाईत 5 टाकलेलं बऱ्याच ठिकाणी सापडतं. एवढं पाहूनही फरक राहिला तर रात्री दुकान बंद करून बिलिंगमागचा महाग माल मोजा, आणि दर आठवड्याला एक फळी या गतीनं मोजत राहा. वर्षातून एकदा सगळं मोजणाऱ्याला फरक कळतो, पण तो कधी आणि कुठं झाला ते कळत नाही.

प्रश्न : 35 किलोमीटरवर मोठ्या कंपनीचं मार्ट आलंय. लोक महिन्याचं सामान तिथून आणतात. आमचं तीन दुकानांचं घर, टिकायचं कसं? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : पाकिटबंद साबण-पावडरच्या भावात त्यांच्याशी लढू नका, कंपनीकडून त्यांना मिळणारा दर तुम्हाला मिळणार नाही. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला उघडलं; त्यांनी बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या आणि पुरवठादाराचे पैसे लवकर दिले. दुसरी गोष्ट तीन दुकानांच्या घरालाही जमते. ठोक व्यापाऱ्याला तीन दुकानांची एकत्र मागणी द्या आणि सात दिवसांत पैसे देतो म्हणून दर मागा. एकाच भावानं खरेदी करायची, तिघांनी तीन ठिकाणी नव्हे.

जिथं तुम्ही वरचढ आहात तो माल इथलाच: अकोल्याची तूरडाळ, वायगावची हळद, भिवापुरी मिरची, भंडाऱ्याकडचा चिन्नोर तांदूळ, ज्वारी, जवस, मोहरी. हा माल हंगामात पाहून, चावून, हातात चोळून घेता येतो. दूरच्या कार्यालयातून ते होत नाही. पण भिवापुरी आणि वायगाव या नावांना भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची मिरची त्या नावानं विकणं गुन्हा, तेव्हा शेतकऱ्याचं किंवा गटाचं बिल घ्या आणि ते लॉट क्रमांकासोबत जपून ठेवा. मिरची मार्चमध्ये घ्या, देठासह, कडक उन्हात दोन दिवस वाळवून. वाकवल्यावर मोडली पाहिजे; वाकून तशीच राहिली तर आत ओल आहे, जुलैत बुरशी धरेल. आणि दळून साठवू नका. आठवड्याला लागेल तेवढीच कांडा.